पडणे, पाडणे आणि इंग्रजीचा तास

1999 साली कोकण रेल्वेने कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत रो-रो सेवा सुरू केली आणि महामार्गावरचे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवरून जाऊ लागले. ट्रक वाघिणीवर चढतो, चालक तो चढवतो. हा फरक कोलाडच्या मुलाला कुणी शिकवावा लागत नाही. तेच मूल शाळेत ‘राइझ’ आणि ‘रेझ’, ‘लाय’ आणि ‘ले’ यांपाशी अडखळले, की खापर खेड्यातल्या कच्च्या इंग्रजीवर फुटते. मला दोष मुलाचा वाटत नाही. तो मराठी आणि इंग्रजीच्या तासांमध्ये आपण उभ्या केलेल्या भिंतीचा आहे.

ही भिंत मुळात नव्हती. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण लिहिले ते लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालचा. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्याच्या पिढ्या मराठी वाक्यांच्या आधाराने इंग्रजी शिकल्या. भाषांतर पद्धत मागे पडली, तेव्हा तिच्या कंटाळवाण्या घोकंपट्टीबरोबर दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवयही गेली. पडणे-पाडणे ही प्रयोजक, म्हणजे क्रिया घडवून आणणाऱ्या, क्रियापदांची गोष्ट मराठीच्या तासाला राहिली, आणि ‘राइझ-रेझ’ गोंधळाच्या शब्दांच्या यादीत जाऊन बसले. वास्तविक गोष्ट एकच. ‘लाय’वरून ‘ले’, ‘सिट’वरून ‘सेट’, ‘फॉल’वरून झाड पाडण्याचे ‘फेल’ (नापासातले नव्हे) ही जुन्या जर्मानिक भाषांतली प्रयोजक रूपेच. इंग्रजीत तशी नवी रूपे घडवण्याची सोय केव्हाच संपली, मराठीत ती रोज चालू आहे. ‘लाय’चे भूतकाळी रूप पुन्हा ‘ले’च होते, म्हणून खुद्द इंग्रजही इथे चुकतात. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ ही जोडी प्रयोजक नव्हे, पण तिथेही मराठी हात देते: ऐकू येते ते पहिले, कान देऊन ऐकतो ते दुसरे.

यावर कुणी म्हणेल, मराठीतून विचार केला तर इंग्रजी परकीच राहील. पण मूल मराठीतून विचार करतेच. आपण फक्त तो विचार पाहायचे नाकारतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘मेक’ आणि ‘डू’ दोन्हींना आपल्याकडे बहुधा ‘करणे’च पुरते, तिथे मराठी हात देत नाही. खरे आहे, तिथे पाठांतराला पर्याय नाही. मात्र थोड्या जोड्यांसाठी सगळ्याच जोड्या घोकायला लावणे हा आळस झाला. कातकरी वाडीवरच्या मुलाची घरची बोली प्रमाण मराठी नसते, हेही मान्य. मग त्याच्या बोलीतले पडणे-पाडणे त्यालाच विचारावे.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षे वाढवून झाली; आता कोलाड ज्यात येते त्या रोहे तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांनी यादी फळ्यावर लिहिण्याआधी मराठी व्याकरणातले प्रयोजक क्रियापदांचे पान एकदा उघडावे.