चाळीस माणसे आणि एक बेट

गेल्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मालदीवचे फोटो पाठवले. निळे पाणी, पांढरी वाळू, दूरवर माणसाचा मागमूस नाही. खाली लिहिले होते, "सर, जन्नत!" फोटो खरेच सुंदर होते. पण रिकामा किनारा दिसला की मला प्रश्न पडतो, इथली माणसे कुठे गेली?

इब्न बतूता 1343 साली मालदीवला पोहोचला आणि तिथे काझीही झाला. त्याच्या सफरनाम्यातला मालदीव माणसांनी गजबजलेला आहे. लोक काथ्याचे दोर वळतात, कवड्या गोळा करतात. त्याच काथ्याने जहाजांच्या फळ्या शिवल्या जात, आणि कवड्या बंगालात चलन म्हणून चालत.

माले शहराजवळ गिरावारू नावाचे बेट आहे. तिथले लोक मालदीवचे सर्वांत जुने रहिवासी मानले जातात. शाफई मसलकात जुम्याच्या नमाजसाठी वस्तीत किमान चाळीस प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या वाचकांना हा नियम ठाऊक आहेच. समुद्र बेटाची जमीन खात होता आणि पुरुषांची संख्या चाळीसच्या खाली आली होती. 1968 मध्ये या लोकांना हुलुले बेटावर हलवण्यात आले. तिथे विमानतळ वाढला, तेव्हा त्यांची रवानगी मालेत झाली. शहराच्या गर्दीत त्यांचा वेगळा पेहराव आणि रीतिरिवाज विरून गेले. इकडे गिरावारूवर रिसॉर्ट उभे राहिले. जे बेट चाळीस नमाजींना टिकवू शकले नाही, ते पाहुण्यांसाठी मात्र सोयीचे ठरले.

मालदीवचे पहिले रिसॉर्ट 1972 साली सुरू झाले. पुढे रिसॉर्टची बेटे वेगळी आणि वस्तीची वेगळी, असे धोरण ठरले. दारू आणि परकी राहणी गावात येऊ नये, हा हेतू समजण्यासारखा होता. पण त्याची किंमत गावांनी मोजली. पाहुण्यांचा पैसा गावच्या दुकानापर्यंत क्वचितच पोहोचला, आणि रिसॉर्टवर कामाला गेलेला मुलगा महिनोन्महिने घरापासून दूर राहिला. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसची वाट मोकळी झाली ती 2009 च्या सुमारास.

निसर्गाचा हिशेबही आहेच. या बेटांवर गोडे पाणी जेमतेम. रिसॉर्टचे नळ आणि पोहण्याचे तलाव चालतात ते समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांवर, आणि यंत्रे चालतात मुख्यतः डिझेलवर. डिसेंबर 2014 मध्ये मालेतल्या अशा केंद्राला आग लागली, तेव्हा भारताला विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवावे लागले. कचऱ्यासाठी थिलाफुशीचे उथळ पाणी 1990 च्या दशकापासून भरत आणले. आज तिथे कचऱ्याचे बेट आहे. सुमारे सव्वापाच लाख वस्तीच्या या देशात 2024 साली वीस लाखांहून जास्त पर्यटक आले.

मालदीवला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही; त्या देशाची चूल आज पर्यटनावरच पेटते. पण आपल्या कोकणातही मुले मुंबईला आणि आखातात आहेत, घरांना कुलपे आहेत, आणि समुद्राकाठच्या जमिनीला गिऱ्हाईक आहे. तेव्हा जमीन विकण्याआधी एकदा जुम्याला गावच्या मशिदीत जाऊन सफा मोजाव्यात.

विद्यार्थ्याला मी एवढेच कळवले, "बेटा, फोटो छान आहेत. आता तिथे आधी कोण राहत होते, तेही वाच."