लॅक्टेटची कुळकथा

सेप्सिसचा रुग्ण किती गंभीर आहे हे जोखायला आज अनेक रक्तचाचण्या हाताशी आहेत. सीआरपीचा शोध १९३०चा, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातला. प्रोकॅल्सिटोनिन तर त्याहून अलीकडचं, १९९३ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी पुढे आणलेलं. पण या घराण्यातलं थोरलं नाव लॅक्टेटचं. त्याचं मूळ मात्र रक्तात नव्हे, आंबलेल्या दुधात सापडलं.

१७८० साली स्वीडनमधल्या कार्ल शेले या औषधविक्याने नासलेल्या दुधाच्या निवळीतून एक आम्ल वेगळं केलं. तेच लॅक्टिक आम्ल; लॅक्टेट हे त्याचंच रूप. पुढे बर्झीलियसला ते प्राण्यांच्या स्नायूंतही मिळालं. माणसाच्या रक्तात ते दिसलं ते १८४३च्या जानेवारीत, जर्मनीतल्या वुर्झबुर्ग शहरात. त्या हिवाळ्यात तिथे सूतिकाज्वराची साथ होती. बाळंतपणानंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन बायका दगावत होत्या. आजच्या भाषेत तो सेप्सिसच. डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ योहान योझेफ शेरर याने अशा मृत बाळंतिणींचं रक्त तपासलं आणि त्यात लॅक्टिक आम्ल असल्याची नोंद केली.

पण रक्त शवातलं. आम्ल मरणाआधीचं की नंतरचं, हा आक्षेप यायचाच. १८५८ मध्ये फोल्वार्झ्नी याला रक्ताच्या कर्करोगाच्या जिवंत रुग्णात ते सापडलं. १८९१ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या त्रासाबुरो अराकी या जपानी संशोधकाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की ऑक्सिजन तुटला की लॅक्टिक आम्ल वाढतं.

तरी मोजमापाचा घोळ होताच. स्नायू कापावा, कुटावा, तर त्या खटाटोपातच त्यात नवं आम्ल तयार होई. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी यावर तोडगा काढला: बेडकाचा स्नायू थेट बर्फासारख्या गार अल्कोहोलमध्ये टाकून तिथेच कुटायचा, म्हणजे रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबते. हाच धडा आजही वॉर्डात गिरवला जातो. तांबड्या पेशी नळीत गेल्यावरही साखर मोडून लॅक्टेट बनवत राहतात. म्हणून नमुना करड्या टोपणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये घेतात आणि बर्फात ठेवून लगेच धाडतात. फ्लोराइड साखर मोडण्याची साखळी अडवतं. नमुना साध्या बल्बमध्ये तासभर पडून राहिला, तर आकडा फुगून येतो.

रुग्णशय्येपाशी हा आकडा मानाला चढला तो १९६४ मध्ये. अमेरिकेत ब्रोडर आणि मॅक्स हॅरी वाइल यांनी शॉकमधल्या रुग्णांचं लॅक्टेट मोजलं. जादा लॅक्टेट ४ मिलिमोलच्या वर गेलेले रुग्ण क्वचितच वाचत. २००१ मध्ये डेट्रॉइटच्या इमॅन्युएल रिव्हर्स यांनी सेप्सिसच्या उपचारांवरचा गाजलेला प्रयोग केला, तेव्हा रुग्ण निवडताना लिटरला ४ मिलिमोल हीच एक रेषा ठेवली. २०१६च्या व्याख्येने सेप्टिक शॉक ठरवताना ती २ वर आणली: पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाब औषधावरच टिकतोय आणि लॅक्टेट २च्या वर आहे, तर तो सेप्टिक शॉक.

दरम्यान अराकीचा निष्कर्ष अपुरा ठरला. सेप्सिसमध्ये लॅक्टेट केवळ ऑक्सिजनच्या तुटीने वाढत नाही. ॲड्रिनलिनच्या जोराने पेशी साखर भराभर मोडतात आणि थकलेलं यकृत लॅक्टेट नीट निपटत नाही. शिवाय हृदय आणि मेंदू तेच इंधन म्हणून वापरतात. म्हणजे लॅक्टेट हे विष नव्हे; शरीरावर आलेल्या ताणाची ती खूण आहे. फेफरं, यकृताचा आजार, दम्याची सॅलब्युटामॉल नेब्युलायझेशन यांनीही ते चढतं.

२०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या २८ रुग्णालयांनी सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांवर एक तुलना केली. एका गटाचे उपचार लॅक्टेट पाहून, तर दुसऱ्या गटाचे बोटाचं टोक काचेने दहा सेकंद दाबून, सोडल्यावर लाली तीन सेकंदांत परतते का हे पाहून. बोट पाहणाऱ्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ टक्के, लॅक्टेट पाहणाऱ्या गटात ४३.४ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. पण जिथे लॅक्टेटची सोय नाही, त्या ग्रामीण रुग्णालयालाही यातून हाताशी काही मिळालं. लॅक्टेटचा एकच आकडा निकाल देत नाही. काही तासांनी तो उतरतोय की नाही हे बघायचं, आणि सेप्सिसचा दाट संशय असेल तर अँटिबायोटिक त्या रिपोर्टसाठी अडवून ठेवायचं नाही.