कचेरी दहाची, जाते पहाटेचे

बुलढाणा गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. त्यामुळे आमच्याकडच्या बोलण्यात जिल्ह्याचे दोन भाग कायमचे ठरून गेले आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पुढे घाटावर जिल्ह्याची कचेरी थाटली गेली. कचेरीबरोबर घड्याळ आले. इतिहासाच्या पुस्तकांतून जमीनमोजणी, सारा, रेल्वे यांची हकीकत विस्ताराने असते. घड्याळाची कुणी सांगत नाही. पण घरातल्या दिनक्रमावर त्याच्याइतका परिणाम क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल.

शेतकऱ्याच्या घरी काम कुठे संपते आणि संसार कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. कारकुनाच्या दिवसाचे मात्र सरळ दोन तुकडे पडले. कचेरीतला वेळ ते ‘काम’, आणि उरलेला तो घरचा. त्याच्या बायकोच्या दिवसाचे असे तुकडे पडलेच नाहीत. उलट साहेबाच्या घड्याळाबरहुकूम ताट वाढण्याची जोखीम तिच्याकडे नव्याने आली. माझी आजी चिखलीची. शुक्राची चांदणी वर आली की तिचे दळण सुरू होई; मग पाणी, सडा, भाकरी, आणि शेवटी दिवा मालवणे. तरी सुनेबद्दल कुणी विचारले की ती म्हणे, “काई नाई करत वं, घरीच असते.” एका बाईनेच दुसरीच्या पंधरा तासांना दिलेले हे नाव! ‘काम’ हा शब्द किती थोड्या काळात घराबाहेर निघून गेला होता, हे त्या वाक्यात दिसते.

या व्यवहारावर बोट ठेवणारी बाई कचेरीवाल्याच्याच घरात निघावी, हे मला मोठे गमतीचे वाटते. बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक समाजाचे. मुलगी ताराबाई, जन्म १८५० च्या सुमाराचा. वडिलांनी तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजीही शिकवले, आणि जावई घरीच ठेवून घेतला. शिकवले खरे, पण मराठा कुळाची रीत म्हणून उंबरठ्याबाहेर मोकळीक नव्हती. आपण घराच्या बंदिखान्यात आहोत, असे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती हद्दपारीवर आली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सरसकट स्त्रीजातीलाच धारेवर धरले. तेव्हा ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष-तुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्रियांचे दोष मोजणारा एक जुना संस्कृत श्लोक घेऊन त्यातला एकेक दोष पुरुषांच्या अंगी कसा अधिक आहे, हे त्या दाखवीत जातात. भाषा घरातली, ऐन रागातली. बायका अडाणी म्हणता, तर त्यांना चार भिंतींत कोंडले कुणी? बायको गेली की दुसरी आणायची मुभा तुम्हाला, आणि नवरा गेला की तिचे सारे संपले, हा न्याय कुठला? तुलना करायची तर माप दोघांना एकच लावा, एवढेच त्यांचे मागणे. टीका झालीच. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही, आणि पहिले १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत विसरलेलेच राहिले.

ज्यांनी काहीच लिहिले नाही त्या बायका घाटाखाली होत्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा निघाला. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात, आमच्याकडे ते १९०५ साली आले.) वेचणी बायकांची. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की शेतात सीतादही व्हायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवून ओटी बांधायची आणि ओळीला लागायचे. मजुरी वेचल्या कापसाच्या हिशेबाने. पहाटेच्या दळणाचा आणि सांजेच्या भाकरीचा हिशेब कोण ठेवणार? पुढे काहीजणी जिनात गेल्या. कारखान्यात बाईने दिवसाला अकरा तासांहून अधिक राबू नये, असा कायदा १८९१ साली झाला. चांगलाच झाला. पण भोंगा वाजला की कायदा थांबे, आणि बाई घरी जाऊन चुलीपुढे बसे. पुढे गावोगाव चक्की आली, तेव्हा जात्यापुढचे तास सुटले. बायकांच्या दृष्टीने रेल्वेपेक्षा चक्की मोठी, असे माझे मत आहे.

या तासांची देशभर रीतसर मोजणी सरकारने २०१९ साली केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस निघाले, स्त्रिया एक्याऐंशी. मोजणीदार दारोदार जाऊन आदल्या दिवसाचे चोवीस तास विचारीत. त्या दिवसाची सुरुवात त्यांनी पहाटे चारपासून धरली होती.