न्यायालयाआधीचे घर

बलात्कारित स्त्रीचा प्रश्न आपण न्यायालयाच्या दारात सुरू करतो आणि तिथेच संपवतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. हा इतिहास त्या दाराच्या पुष्कळ आधी सुरू होतो, असे माझे म्हणणे आहे.

पुण्यात काशीबाई या ब्राह्मण विधवेला एका शास्त्र्याने नादी लावले. दिवस गेले, मूल झाले, लोकलज्जेपायी तिने ते मारले. शिक्षा तिला झाली, जन्मभर काळ्या पाण्याची. विधवेच्या नकाराला तेव्हा घरात किंमत नव्हती. हे पाहून १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुप्तपणे या, बाळंत व्हा, मूल न्या अथवा ठेवून जा, असे त्यांनी जाहीर केले. १८८४ पर्यंत ३५ विधवा आल्या. येण्यासाठी कुणाला आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नव्हते. ज्यांच्या समाजाने या दांपत्याला शूद्र म्हणून हिणवले, त्यांच्याच लेकींना हा आसरा होता.

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला चालला. अंगावर जखमा नाहीत, म्हणून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. स्त्रिया रस्त्यावर आल्या. कोठडीतल्या बलात्कारात 'संमती नव्हती' हे बाईचे म्हणणे गृहीत धरणारा कायदा १९८३ साली झाला.

कायद्याची ही लढाई हवीच. पण जगण्याचे बळ निकालातून येत नाही. आपल्या वस्तीत अशी मुलगी दाराशी आली, तर आपण आधी पुरावा मागणार की पाणी देणार?