फोटोतला दोष आणि माणसातला दोष

मंडळी, कोल्हापुरात कुणाचं चित्र बघून गप्प बसायची पद्धत नाही. आबालाल रहमान यांच्यापासून इथं निसर्गचित्रं काढणाऱ्यांची परंपरा आहे, आणि मागं उभं राहून 'झाड जरा जड झालंय' म्हणणाऱ्यांचीही! पण कुणी हौसेनं काढलेला फोटो दाखवला की आपण 'छान' म्हणतो आणि विषय संपवतो. असं का, हे बघायला थोडं मागं, १८५४ च्या मुंबईत जावं लागेल.

त्या वर्षी तिथं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनची १८५३ ची, म्हणजे आपण एकाच वर्षानं मागं. सभासद बहुतेक साहेब लोक, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते, पुढं कार्यकारिणीवरसुद्धा. सभासदांची चित्रं बैठकीत मांडली जायची, कृतीवर चर्चा व्हायची.

आता ही चर्चा कशावर चालत असेल ते लक्षात घ्या. १८५१ साली आर्चर यांनी ओल्या कोलोडिअनची रीत काढली. काचेवर कोलोडिअनचा थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली आहे तोवर फोटो घेऊन लगेच धुवायची. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आपल्याकडच्या उन्हात तेवढाही वेळ मिळायचा नाही, कारण त्यातलं ईथर भराभर उडून जातं. धूळ बसली की ठिपका, रसायन बिघडलं की सगळं धूसर. मग शेजारचा माणूस बोलणार ते पाण्याबद्दल, धुळीबद्दल, द्रावण गाळून घेण्याबद्दल. आमच्या मते मित्रत्वाच्या टीकेचं मूळ इथं आहे. दोष कारणासकट दाखवला की तो माणसाला चिकटत नाही. शिवाय सांगणाऱ्याचीही काच कधीतरी काळी पडलेली असते, त्यामुळं तो फार वर चढून बोलू शकत नाही.

अर्थात या संस्था म्हणजे काही सगळा गोडवा नव्हता. कलकत्त्याच्या सोसायटीत राजेंद्रलाल मित्र खजिनदार होते. १८५७ मध्ये त्यांनी गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध जाहीर भाषण केलं आणि त्यांना संस्थेतून काढण्यात आलं. काचेवरचा डाग दाखवलेला चालत होता, मळ्यावरचा नाही.

१८८८ ला ईस्टमन यांचा कोडॅक आला. शंभर फोटोंची गुंडाळी आतच. संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडं पाठवायचा. हौशी माणसाची बोटं काळी व्हायची थांबली, हे चांगलंच झालं. पण बिघडण्याचं कारणही त्याच्या हातातून गेलं आणि बोलायला मुख्यतः आवड-नावड उरली. कांट यांनी १७९० मध्येच दाखवून दिलंय : 'सुंदर' म्हणताना आपण इतरांनीही ते मानावं अशी अपेक्षा धरतो, पण सिद्ध करायला नियम हाताशी नसतो. म्हणून 'मला नाही आवडला' हे मनाला लागतं. ते थेट समोरच्याच्या रसिकतेवर जातं.

आपल्या गावात मात्र याच्या उलट वाटेनं गेलेली माणसं होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, नाटकांचे पडदे रंगवणारे, यांनी सिनेमाचा कॅमेरा घरीच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले. बाबूरावांनी दामल्यांना साथीला घेऊन १९१८ त तो पुरा केला. आपल्या हातानं यंत्र जुळवलेल्या माणसाला चित्र हललेलं दिसलं, तर तो आधी स्क्रू तपासेल, रसिकतेबद्दल नंतर बोलेल.

आता आजचं बघू. जोतिबाच्या चैत्र यात्रेत पोरांनी मोबाइलवर काढलेले फोटो घ्या. डोंगर गुलालानं भरलेला, आणि फोटोत मात्र गुलाल फिका. का? पांढरा रंग कुठला हे मोबाइल समोरच्या रंगांवरून अंदाजानं ठरवतो. सगळीकडं गुलाबीच दिसलं की त्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे, आणि तो गुलाबी उतरवतो. 'फोटो फिका आलाय' एवढंच म्हटलं की पोरगा मोबाइल खिशात टाकतो. त्यापेक्षा सांगा, व्हाइट बॅलन्स उन्हाचा लाव, लेन्सवरचा गुलाल पुसून घे. आणि मग विचारा, 'तू उभा कुठं होतास? सासनकाठीच्या बुडाशी, की वरच्या पायरीवर?' एवढ्यावर पोरगा दहा मिनिटं बोलतो, आणि पुढच्या यात्रेला कुठं उभं राहायचं ते बहुतेक वेळा त्याचं तोच ठरवून जातो.