हिमाखालचा बर्फ

गोठलेल्या जलाशयावरच्या मासेमारीच्या या पुस्तकाची अडचण पहिल्या शब्दापासूनच सुरू होते. गोळेवाल्याच्या किसणीखाली असतो तो बर्फ, मासळी बाजारात पापलेटांवर पसरतात तोही बर्फ आणि मनालीला आकाशातून भुरभुरतो तोही बर्फच. एका शब्दावर आपले भागत आले, कारण गोठलेल्या आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फातला फरक न कळल्याने जिवावर बेतेल असा प्रसंग महाराष्ट्रात सहसा येत नाही. गोठलेल्या जलाशयावर जाऊन, भोक पाडून गळ सोडणाऱ्याला मात्र तो फरक पहिल्या पावलाला कळावा लागतो. म्हणून आकाशातून पडते ते हिम आणि पाणी गोठून होतो तो बर्फ, हा भेद इथे शेवटपर्यंत पाळला आहे. वाचकाने तेवढा मनात धरला की निम्मा विषय त्याच्या हाती आला.

उदाहरणासाठी जागा निवडली आहे ती अमेरिकेतल्या युटा राज्यातला स्ट्रॉबेरी जलाशय. उंची सुमारे ७,६०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून दोन हजार फुटांनी अधिक. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवले, तसेच इथलेही. एरवी कोलोरॅडो नदीला मिळाले असते ते पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडच्या खोऱ्यातल्या शेतीला दिले गेले. योजना १९०५ साली मंजूर झाली आणि १९७० च्या दशकात सोल्जर क्रीक धरणाने जलाशय कितीतरी पटींनी वाढला. चब नावाच्या माशाने तो व्यापून टाकला, तेव्हा १९९० मध्ये सबंध जलाशयात रोटेनोन हे मत्स्यविष घालून कटथ्रोट ट्राउट आणि कोकनी सामन नव्याने सोडावे लागले. कटथ्रोट चब खातो, म्हणून १५ ते २२ इंचांदरम्यानचा कटथ्रोट गळाला लागला तर परत सोडायचा, असा तिथला नियम आहे.

हिवाळ्यात हा जलाशय गोठतो तो वरूनच. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी वरच राहते आणि तिथेच गोठते. तळाजवळचे पाणी त्यातल्या त्यात उबदार राहते आणि मासे बर्फाखाली हिवाळा काढतात. बर्फ जाड होत जातो तसा त्याचा वाढीचा वेग मंदावतो, कारण खालच्या पाण्यातली उष्णता बाहेर पडायला तोच आडवा येतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये याचे गणित मांडले. जाडी रोजच्या थंडीच्या बेरजेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे दुप्पट जाडीला चौपट थंडी लागते.

पण स्टेफान यांचे गणित उघड्या बर्फाचे. डोंगरातल्या जलाशयावर हिम पडते आणि माझ्या मते या विषयाचे खरे मर्म तिथेच आहे. हिमात अडकलेली हवा गोधडीचे काम करते. ताजे हिम बर्फाच्या तुलनेत दहापटीहूनही कमी उष्णता वाहून नेते. बाहेर उणे वीस अंश असले तरी गोधडीखालचा बर्फ फारसा वाढत नाही. म्हणजे कडाक्याची थंडी पडली, आता बर्फ पक्का झाला असेल, हा अंदाज हिमाच्या प्रदेशात फसतो.

हिमाचे दुसरे काम वजनाचे. एक घनमीटर बर्फाचे वजन ९१७ किलो आणि पाण्याचे १,०००. म्हणून बर्फाच्या प्रत्येक सेंटिमीटर जाडीमागे चौरस मीटरला ८३० ग्रॅम एवढाच भार तो पाण्याच्या वर राहून पेलू शकतो. ताजे कोरडे हिम घनमीटरला शंभर किलोच्या आसपास धरा. बारा सेंटिमीटर जाडीचा बर्फ दहा सेंटिमीटर हिमाने पाण्याच्या पातळीला टेकतो. रात्रीतून वीतभर हिम पडले की तो पातळीच्या खाली जातो, भेगांतून आणि भोकांतून पाणी वर चढते आणि हिमाचा तळ भिजून राड होते. वरचे हिम पांढरेशुभ्र आणि कोरडे दिसते. पाऊल टाकले की बूट घोट्यापर्यंत बर्फाळ पाण्यात. पुढे ही राड वरून गोठते, तिच्यावर पुन्हा हिम पडते आणि पांढरा बर्फ, अडकलेले पाणी, मग जुना काळसर बर्फ असे थर साचतात. गिरमिटाने भोक पाडून नुसती एकूण जाडी मोजणारा या थरांना फसतो.

त्या काळसर, नितळ बर्फाची चार इंच जाडी एका चालत्या माणसाला पुरते, असा सर्वसाधारण संकेत आहे. पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मीच धरायची. कॅनडाच्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष वाहतुकीत बर्फ कुठे टिकला, कुठे मोडला याचा अभ्यास मांडला. त्यांच्या सूत्रात पेलण्याची शक्ती जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. याची उलट बाजू मी वाचकाला आवर्जून सांगेन. जाडी निम्मी झाली की शक्ती चतुर्थांश उरते. आणि जाडी सर्वत्र सारखी नसते. ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळ असतो. धरणातून पाणी सोडले की पातळी उतरते आणि काठाला चिकटलेला बर्फ तडकून लोंबतो. म्हणून जाणती माणसे हातात पहार घेऊन, पुढची जागा ठोकत ठोकत चालतात. गोठलेल्या झंस्कार नदीच्या चादरीवर जाऊन आलेल्या आपल्याकडच्या गिर्यारोहकांना ही काळजी नवी वाटणार नाही.

बर्फ मोडून पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, यावर कॅनडातलेच गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांचा हिशेब एक, दहा, एक असा आहे. श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे एक तास. थंड पाण्यात क्षणात सगळे संपते ही समजूत खरी नाही आणि ती घातक आहे, कारण ती माणसाला पहिल्याच मिनिटात हार मानायला लावते. आल्या दिशेला वळायचे, कारण त्या बर्फाने आपल्याला पेललेले असते. गळ्यात अडकवलेले दोन टोचे बर्फात रोवायचे, पोहताना मारतो तसे पाय मारत आडवे वर सरकायचे आणि उभे न राहता लोळत दूर जायचे. काठावरच्याने धावत जाऊ नये, दोर फेकावा. या बचावाचे प्रकरण पुस्तकात शेवटी आले असले तरी आधी वाचावे, अशी माझी विनंती आहे.

या अभ्यासाचा वारसा मोठा आहे. जपानमधल्या सुवा सरोवराच्या गोठण्याची नोंद तिथल्या शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवली आहे. जॉन मॅग्नसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली उत्तर गोलार्धातल्या नद्या-सरोवरांच्या नोंदी एकत्र आणल्या. १८४६ ते १९९५ या काळात गोठणे दर शतकाला सरासरी ५.८ दिवसांनी लांबले आणि वितळणे ६.५ दिवसांनी अलीकडे आले. म्हणजे आजोबांच्या तारखांवर भरवसा ठेवून बर्फावर उतरता येत नाही.

पुण्यात किंवा पणजीत बसून हे वाचणाऱ्यालाही सुरुवात करायला हरकत नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीत सेंटिमीटरभर जाडीचा बर्फ होईल एवढे पाणी गोठवा, ती चकती परातीतल्या अगदी थंड पाण्यावर सोडा आणि चमच्याने हळूहळू रवा सगळीकडे सारखा पसरत जा. हिशेबाने ती सव्वीस ग्रॅम पेलेल, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. त्यानंतरच्या चमच्याला कडेने पाणी वर चढते आणि वरून कोरडा दिसणारा रवा खालून भिजू लागतो.