ओडरकाठचे संयुक्त शिक्षण आणि भाषांचा असमतोल

दोन देशांतील संस्थांनी मिळून उच्च शिक्षण चालवावे, ही कल्पना करारपत्रात सुलभ दिसते. तिचा प्रत्यक्ष भार विद्यार्थ्यांवर पडतो, आणि तो उभय पक्षी सारखा असतोच असे नाही. जर्मनी व पोलंड यांच्या सीमेवरील ओडर नदीकाठचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ओडरकाठच्या फ्रांकफुर्ट येथील जुने विद्यापीठ १५०६ मध्ये सुरू झाले व १८११ मध्ये ब्रेस्लाऊ येथे हलविले गेले. १९४५ नंतर नदी हीच सीमा ठरली, आणि शहराचे पूर्वेकडील उपनगर स्वूबित्से या नावाने पोलंडमध्ये गेले. ८ एप्रिल १९९१ रोजी पोलिश प्रवाशांवरील व्हिसाचे बंधन उठले, तेव्हा पूल ओलांडून येणाऱ्यांवर नवनाझी जमावाने दगडफेक केली. त्याच वर्षी नदीच्या लॅटिन नावावरून 'विआद्रिना' म्हटले जाणारे नवे विद्यापीठ येथे स्थापन झाले. त्यात सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी पोलिश असावेत, असा संकल्प होता. पैलतीरी पोझनानच्या आदाम मित्सक्येविच विद्यापीठासह 'कोलेजिउम पोलोनिकुम' ही संयुक्त संस्था उभी राहिली.

कायद्याच्या संयुक्त अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यास जर्मन कायदा जर्मनमधून आणि पोलिश कायदा पोलिशमधून शिकावा लागे. पुलावर कागदपत्रे दाखवावी लागत. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आल्यावरही ही नियमित तपासणी २१ डिसेंबर २००७ पर्यंत चालू राहिली.

तथापि भाषेचा अडसर सीमेवरील तपासणीपेक्षा चिवट ठरला. विआद्रिनात येणाऱ्या पोलिश विद्यार्थ्यास जर्मन येणे बहुधा अपरिहार्य होते. उलट बहुतेक जर्मन विद्यार्थ्यांना पोलिशचा गंध नसतानाही पदवी मिळू शके. एका तीराची जी गरज, ती दुसऱ्या तीराची केवळ आवड राहिली. युरोपीय संघातील प्रवेशानंतर पश्चिमेकडील अन्य विद्यापीठेही पोलिश तरुणांना सुलभ झाली, आणि विआद्रिनातील त्यांचे प्रमाण घटले. पुढे इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम वाढले. त्यामुळे उभय पक्ष समान पातळीवर आले खरे. परंतु शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे एक कारणही कमी झाले.

सारांश, संस्था संयुक्त आहे की नाही याची कसोटी केवळ तिच्या करारात शोधून चालणार नाही. कोणाचा विद्यार्थी कोणाची भाषा शिकतो, हेही पाहिले पाहिजे.